रोपांना आणि शैवालाला नेमका कुठला प्रकाश लागतो? लाल-निळ्या दिव्यांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ दहा बाय बाराच्या बंद खोलीत लेट्यूस आणि मायक्रोग्रीन्स घ्यायचे आहेत. शेजारी शेडखाली स्पिरुलिना या शैवालाची एक टाकी चालू आहे, तिच्यावरही संध्याकाळनंतर दिवे लावायचा विचार आहे. दिवे विकणाऱ्याने सांगितलं की झाडं फक्त लाल आणि निळा प्रकाश वापरतात, हिरवा परत फेकतात, म्हणूनच पान हिरवं दिसतं. त्यामुळे पांढऱ्या दिव्यातली निम्मी वीज फुकट जाते, लाल-निळ्या दिव्यांची गुलाबी पॅनेल घ्या, टाकीवरही तीच चालतील. त्याचं ऐकून दोन पॅनेल घेऊनही झाली आहेत. हे कितपत खरं?

मी २२ वर्षं ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळा आणि पॉलीहाऊस यांच्यातच काम करतो आहे. केळी, जरबेरा, शेवंती, अलीकडे पालेभाज्या. या एका समजुतीपायी लोकांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत, आमच्या प्रयोगशाळेचेही गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विक्रेत्याच्या बोलण्याला आधार आहे तो शाळेच्या पुस्तकातल्या एका आलेखाचा. कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते दाखवणारे हरितद्रव्याचे दोन उंच सुळके, एक ४३० नॅनोमीटरच्या आसपास निळ्यात, दुसरा ६६० च्या आसपास लाल रंगात, आणि मध्ये हिरव्याच्या जागी खोल दरी. आलेख खोटा नाही. पण तो पानाचा नाही. पानं वाटून, हरितद्रव्य ॲसिटोनसारख्या द्रावकात उतरवून, ते पातळ द्रावण काचेच्या छोट्या कुपीत भरून काढलेला तो आलेख आहे. पानाच्या आत हरितद्रव्य असं पाण्यात साखर विरघळावी तसं मोकळं नसतं. ते प्रथिनांना बांधलेलं असतं, थरावर थर रचलेलं असतं, आणि त्याच्या सोबतीला कॅरोटिनॉइड्स ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं असतात.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. पालकाची चार-पाच पानं खलबत्त्यात कुटा, ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर थोडं घाला, फडक्यातून काचेच्या छोट्या बाटलीत गाळून घ्या. गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून करा, ॲसिटोन झटकन पेट घेतं. गर्द हिरवं पाणी मिळेल. आता खोली अंधारी करा आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बाटलीवर बाजूने मारा. हिरवं पाणी रक्तासारखं लाल चमकायला लागेल. मी दरवर्षी प्रशिक्षणाला आलेल्या मुलांना हे दाखवतो आणि दरवर्षी खोली क्षणभर गप्प होते.

त्या लाल चमकेत सगळी गोष्ट आहे. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. जांभळ्या किंवा निळ्या फोटॉनमध्ये लाल फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जा असते. हरितद्रव्य तो निळा फोटॉन गिळतं, पण जास्तीची ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन निघून जाते आणि उरते ती लाल फोटॉनइतकीच. पानात ही उरलेली ऊर्जा पुढे अभिक्रिया केंद्राकडे पोचवली जाते आणि तिथून साखर बनवण्याचं काम सुरू होतं. बाटलीत पुढे द्यायला कोणी नाही, म्हणून ती लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. म्हणजे निळ्या फोटॉनची ऊर्जा जास्त असली तरी प्रकाशसंश्लेषणाच्या हिशोबात तो एकच फोटॉन धरायचा. रंग कुठलाही असो, आत गेलेला फोटॉन एक नग. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला साधारण आठ ते दहा नग लागतात. हे डोक्यात पक्कं बसलं की दिव्यांच्या निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

आता हिरव्याकडे येऊ. १८८२ साली एंगेलमान नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एक फार देखणा प्रयोग केला. क्लॅडोफोरा या हिरव्या शैवालाचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने त्यावर इंद्रधनुष्यासारखा वर्णपट पाडला. पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले होते. ते लाल आणि निळ्या पट्ट्याशी गर्दी करून बसले, हिरव्यापाशी विरळ राहिले. जिथे प्राणवायू जास्त तिथे प्रकाशसंश्लेषण जास्त, हे प्राणवायू मोजायच्या कुठल्याही यंत्राशिवाय डोळ्यांना दिसलं. लाल-निळ्याची समजूत तिथून पुढे घट्ट झाली. पण एंगेलमानचा धागा एका पेशीच्या जाडीचा होता. हिरवा फोटॉन त्यातून एकदाच, सरळ आरपार गेला. त्याला पकडायची संधीच एकदा होती.

पानाची गोष्ट वेगळी आहे. पानाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा. वरच्या अंगाला उभ्या खांबांसारख्या पेशी दाटीने असतात, खालच्या अंगाला भुसभुशीत, हवेच्या पोकळ्यांचा थर असतो. हवा आणि पाण्याच्या त्या असंख्य सीमांवर प्रकाश आपटत, वळत, परत फिरत राहतो. लाल आणि निळा फोटॉन वरच्या थरातच पकडला जातो. हिरवा एका हरितकणातून निसटतो, पण दहाव्या-पंधराव्या भेटीत सापडतो. एकुणात साधारण पान लाल-निळ्यातले ९० टक्क्यांच्या वर फोटॉन शोषतं आणि हिरव्यातलेही बहुतेक पानांत ७० टक्क्यांच्या वर. जाड, गर्द पानात हा आकडा आणखी चढतो. मग पान हिरवं का दिसतं? कारण जे थोडे फोटॉन सुटतात ते बहुतेक हिरवे असतात, आणि माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरला म्हणजे नेमका हिरव्यालाच सर्वांत तीक्ष्ण असतो. आपण आपल्या डोळ्याचा गुण पानाच्या माथी मारतो.

हे पिकांवर मोजून दाखवलं ते टेक्सासमधल्या कीथ मॅक्री यांनी. १९७२ च्या सुमारास त्यांनी २२ पिकांच्या पानांवर एकेक तरंगलांबी पाडून प्रत्येक फोटॉनमागे किती कार्बन बांधला जातो ते मोजलं. वक्राचा माथा नारिंगी-लाल भागात, ६०० ते ६२५ च्या आसपास आला. पण दरी जवळजवळ गायब होती. फोटॉनला फोटॉन लावून बघितलं तर हिरवा निळ्याच्या बरोबरीला उभा होता. निळा लालच्या मागे पडतो कारण त्यातला काही वाटा इतर रंगद्रव्यं शोषतात आणि ती सगळी ऊर्जा हरितद्रव्यापर्यंत पोचत नाही. आज ४०० ते ७०० नॅनोमीटर हा पट्टा ‘प्रकाशसंश्लेषणाला उपयुक्त प्रकाश’ म्हणून सरसकट धरतात, त्यामागे मॅक्रींचंच काम आहे.

पुढे २००९ मध्ये जपानमध्ये सूर्यफुलाच्या पानांवर आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती शेतकऱ्याच्या कामाची आहे. भरपूर पांढरा प्रकाश आधीच पडत असेल तेव्हा त्यात वरून थोडा लाल वाढवण्यापेक्षा थोडा हिरवा वाढवला तर प्रकाशसंश्लेषण जास्त वाढतं. कारण उघड आहे. वरच्या पेशी आधीच पोटभर जेवलेल्या असतात, आणखी लाल दिला की तो त्यांच्याच ताटात पडतो आणि उष्णता होऊन वाया जातो. हिरवा खाली उतरतो, जिथे पेशी अजून उपाशी आहेत. लेट्यूसच्या भरलेल्या गड्ड्यात, एकावर एक पानं असताना, हाच हिशोब पूर्ण झाडाला लागू होतो. वरचं पान लाल-निळा खाऊन टाकतं, खालच्या पानाला जे पोचतं त्यात हिरव्याचा वाटा मोठा असतो.

मग गुलाबी पॅनेल निघालीच कशाला? त्याला कारण आहे आणि ते विजेचं आहे. फोटॉन नगावर मोजायचे (मायक्रोमोल हे त्या नगांच्या मोजणीचं माप, डझनासारखं, पण फार मोठं), पण वीज ऊर्जेवर मोजली जाते. एक जूल ऊर्जेत ६६० चे लाल फोटॉन जास्तीत जास्त साडेपाच मायक्रोमोल बसतात, ४५० चे निळे पावणेचारच्या आसपास. लाल फोटॉन मुळातच स्वस्त आहे. शिवाय लाल आणि निळे एलईडी चिप चांगल्या कार्यक्षमतेचे बनतात, शुद्ध हिरवा चिप मात्र अजूनही त्यांच्या मागे आहे. म्हणून लालचा वाटा मोठा ठेवणं हा शहाणपणा आहे. लाल-निळ्याखाली रोपं मरत नाहीत, चांगली वाढतातही. चुकीचं आहे ते फक्त ‘हिरवा वाया जातो’ हे कारण, आणि त्या कारणावर उभी केलेली दुप्पट किंमत.

आमच्या प्रयोगशाळेत काय झालं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराचं ऐकून आम्ही केळीच्या वाढीच्या खोलीतल्या चार रॅकवर गुलाबी पॅनेल लावली. ऊतिसंवर्धनात माध्यमात साखर असते, त्यामुळे तिथे प्रकाश कमीच लागतो, ४०-५० मायक्रोमोल (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) पुरतो. रोपं ठीक वाढली. पण तिसऱ्या आठवड्यात त्या रॅकवरच्या बाटल्यांमध्ये जिवाणूंचं कंटॅमिनेशन एकदम वाढलेलं आढळलं. खरं तर ते एकदम वाढलं नव्हतं, आधी दिसलंच नव्हतं. आमच्याकडे बाटल्या तपासणाऱ्या एक जुन्या ताई आहेत. खोडाच्या बुडाशी माध्यमात दुधाळ धुरकट कडं धरायला लागलं की त्या हातात बाटली घेताक्षणी ओळखतात आणि बाजूला काढतात. गुलाबी उजेडात ते कडं दिसतच नाही. पानाचा पिवळेपणा दिसत नाही, सगळंच काळपट जांभळं दिसतं. त्या मला म्हणाल्या, “सर, इथून बाहेर गेलं की अर्धा तास सगळं हिरवं दिसतं, डोकं दुखतं.” तोवर एका खराब बाटलीवरून पुढच्या उपविभागणीत (रोपं वेगळी करून नव्या बाटल्यांत लावताना) दहा बाटल्या गेल्या होत्या. आम्ही पॅनेल उतरवली. तुमच्या खोलीतही हेच होईल: लेट्यूसला लोहाची कमतरता आली, पानाच्या कडा जळायला लागल्या, तर गुलाबी उजेडात ते तुम्हाला चार-पाच दिवस उशिरा कळेल. ३५ दिवसांच्या पिकात पाच दिवस म्हणजे फार झाले.

आता एक गोष्ट वेगळी करून सांगितली पाहिजे, नाहीतर घोळ होतो. झाडाला प्रकाश दोन कामांना लागतो. एक अन्नाला, दुसरं खबर कळायला. आतापर्यंत अन्नाचं बोललो, तिथे रंगांमधला फरक लहान आहे. खबरेच्या बाबतीत मात्र रंग म्हणजे सर्वस्व.

आपल्याकडच्या शेवंतीवाल्यांना हे पुस्तक न वाचता माहीत आहे. शेवंती लांब रात्र आली की कळीवर येते. बाजाराच्या हिशोबाने दांडा लांब हवा असेल तर पॉलीहाऊसमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास काही तास बल्ब लावतात. झाडाला वाटतं रात्र लहान आहे, ते फुलावर येत नाही, वाढत राहतं. यासाठी उजेड किती लागतो? एक-दोन मायक्रोमोल. अन्नाच्या हिशोबाने हा उजेड शून्यात जमा. पण पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य ६६० च्या लाल प्रकाशाने जागं होतं आणि ७३० च्या अतिलाल, म्हणजे लालच्या पलीकडच्या, प्रकाशाने पुन्हा झोपतं. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल संशोधन केंद्रात १९५२ साली हे लेट्यूसच्याच बियांवर उघडकीला आलं. लाल दाखवला की बी उगवतं, लगेच अतिलाल दाखवला की उगवण थांबते, पुन्हा लाल दाखवला की उगवते. शेवटचा रंग कुठला, तेवढंच बी लक्षात ठेवतं.

हेच फायटोक्रोम दाटीची खबर देतं. वरची पानं लाल खातात आणि अतिलाल जवळपास सगळा सोडून देतात. त्यामुळे सावलीत अतिलालचा वाटा वाढतो, आणि खालच्या रोपाला कळतं की वर कोणीतरी आहे. ते ताणतं, पेरं लांबवतं, फुटवे सोडत नाही. दाट लागणीच्या उसात खालचे फुटवे मरतात त्यात अन्नाच्या टंचाईबरोबर ही खबरही असते. नर्सरीत ट्रे वेळेत मोकळे केले नाहीत तर मिरचीची रोपं उंच आणि लेचीपेची होतात, तेही बऱ्याच अंशी यामुळेच.

निळ्याची खबर वेगळी. निळा प्रकाश पर्णरंध्रं उघडतो, खोड आखूड ठेवतो, पान जाड करतो. नुसत्या लाल प्रकाशात काकडीची पानं बिघडतात, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच नीट बसत नाही. सात टक्के निळा दिला तरी ती सुधारते, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे निळा मिठासारखा आहे. हवाच, पण जेवण मिठाचं होत नाही. स्वस्त पॅनेलमध्ये निळा तीस-चाळीस टक्के भरलेला मी पाहिला आहे. त्याने लेट्यूस आखूड, घट्ट आणि लहान राहतं, वजन कमी भरतं.

अतिलालबद्दल एक आणखी. ७०० च्या पुढचा प्रकाश निरुपयोगी, असं आम्ही शिकलो होतो. १९४३ साली इमर्सन आणि लुईस यांनी क्लोरेला शैवालावर दाखवलं होतं की ६८० च्या पलीकडे कार्यक्षमता धाडकन खाली येते. मग १९५७ मध्ये इमर्सन यांनीच पाहिलं की त्या लांब लाल प्रकाशाबरोबर थोडा आखूड तरंगलांबीचा प्रकाश दिला तर दोघांची मिळून कमाई वेगवेगळ्या कमाईच्या बेरजेपेक्षा जास्त होते. पानात एकामागोमाग दोन यंत्रणा आहेत, एक ६८० ला, दुसरी ७०० ला जुळलेली, ही कल्पना त्यातून पुढे आली. एका यंत्रणेला जास्त आणि दुसरीला कमी मिळालं तर काम अडतं. अमेरिकेत युटामध्ये २०२० मध्ये पिकांवर झालेल्या कामात ७०० ते ७५० मधला प्रकाश, बाकीच्या प्रकाशासोबत बेताने दिला तर, लाल फोटॉनइतकाच कामाला येतो असं दिसलं. लेट्यूसमध्ये थोडा अतिलाल पान रुंद करतो, ते चांगलंच. मायक्रोग्रीन्सवर मात्र नको, देठ ताणून आडवे पडतील.

तर खोलीसाठी माझा सल्ला सरळ आहे. ३००० ते ४००० केल्विनचे पांढरे एलईडी (केल्विन हे पांढऱ्याची छटा सांगणारं माप, आकडा कमी तेवढी छटा पिवळसर), त्यात ६६० चे थोडे लाल चिप मिसळलेले. पांढरा एलईडी म्हणजे ४५० चा निळा चिप आणि त्यावर निळ्याचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पिवळसर फॉस्फरचा लेप. त्यात निळा असतो, हिरवा भरपूर असतो, लाल बऱ्यापैकी असतो. वेगळा निळा लावायची गरज नाही. आणि त्या उजेडात तुम्ही रोप बघू शकता, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू.

घेताना वॅट आणि ल्यूमेन विचारू नका. ल्यूमेन आणि लक्स ही माणसाच्या डोळ्याची मापं आहेत, हिरव्याला जास्त गुण देतात. गुलाबी पॅनेलखाली लक्समीटर धरला तर तो हास्यास्पद कमी आकडा दाखवेल, आणि त्यावरून ते पॅनेल वाईट ठरवणंही तितकंच चूक. विचारायचा आकडा एकच: एका जूलला किती मायक्रोमोल फोटॉन. अडीचच्या वर असेल तर चांगलं. विक्रेत्याला हा आकडा माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. पांढऱ्या प्रकाशासाठी घरचा लक्समीटर अंदाजाला चालतो. सूर्यप्रकाशात लक्सला ५४ ने भागलं की मायक्रोमोल येतात, पांढऱ्या एलईडीला भाजक थोडा वाढतो. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स म्हणजे साधारण १९०० मायक्रोमोल.

लेट्यूसला २५० मायक्रोमोल १६ तास दिले तर दिवसाला चौरस मीटरमागे १४.४ मोल फोटॉन होतात, ते पुरेसे आहेत. अडीच मायक्रोमोल प्रति जूलच्या दिव्याने त्याला १.६ युनिट वीज लागते. दर दहा रुपये धरला तर दिवसाला १६ रुपये, ३५ दिवसांना ५६० रुपये, दर चौरस मीटरला, नुसते दिव्याचे. वातानुकूलनाचा खर्च वेगळा. हा आकडा कागदावर लिहून त्याच्याशेजारी तुमच्या लेट्यूसचा भाव लिहा. आपल्याकडे एप्रिलच्या उघड्या उन्हात दिवसाला ४० मोलच्या वर फोटॉन फुकट मिळतात. म्हणून लेट्यूससाठी मी बंद खोलीपेक्षा चांगल्या शेडनेटकडे झुकतो. मायक्रोग्रीन्स वेगळे: त्यांना १००-१५० मायक्रोमोल पुरतात, आठ-दहा दिवसांत निघतात, एकावर एक पाच ट्रे बसतात. त्यांच्यासाठी खोली परवडते.

शेडनेटचा विषय निघाला म्हणून सांगतो, हिरवी जाळी घेऊ नका. सवयीने सगळे हिरवीच घेतात. तिचा धागा लाल आणि निळा शोषतो, हिरवा आणि अतिलाल सोडतो. बहुतेक उजेड भोकांमधून जसाच्या तसा येतो, त्यामुळे फरक मोठा नाही, पण उगाच झाडाला सावलीची खबर द्यायची कशाला? पांढरी जाळी प्रकाश पसरवते, ती मला सर्वांत आवडते.

आता स्पिरुलिना. इथे विक्रेत्याचं बोलणं सर्वांत जास्त चुकलं आहे. ‘तीच पॅनेल टाकीवर’ हे चालणार नाही, कारण स्पिरुलिनाचं ताटच वेगळं आहे.

स्पिरुलिना हे नीलहरित शैवाल, म्हणजे खरं तर जिवाणू. लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यात ते आपोआप वाढतं. त्याच्याकडे हरितद्रव्य आहे, पण प्रकाश पकडायचं मोठं जाळं आहे फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचं. तुमच्याकडची वाळलेली पावडर चिमूटभर ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी गाळ खाली बसलेला असेल आणि वरचं पाणी शाईसारखं निळं. तेच फायकोसायनिन. ते ६२० च्या आसपासचा नारिंगी-लाल प्रकाश पकडतं. म्हणजे हरितद्रव्याच्या दोन सुळक्यांमधली जी दरी, त्यातला मोठा भाग हे जीव भरून काढतात.

निळा प्रकाश मात्र यांना फारसा मानवत नाही. नीलहरित शैवालात बहुतेक हरितद्रव्य ७०० च्या यंत्रणेकडे असतं आणि ६८० च्या यंत्रणेला खाऊ घालायचं काम फायकोसायनिनकडे. निळा प्रकाश हरितद्रव्य पकडतं, फायकोसायनिन जवळजवळ पकडतच नाही. एका यंत्रणेचं ताट भरलेलं, दुसरी उपाशी, आणि दोघींनी मिळून काम करायचं. निळ्या दिव्याखाली स्पिरुलिना रेंगाळते ती यामुळे. तुमच्या पॅनेलमधले निळे चिप टाकीवर वीज खातील आणि फारसं देणार नाहीत. दिवे लावायचेच तर उबदार पांढरे, २७००-३००० केल्विनचे, ज्यात नारिंगी भरपूर असतो.

पण लावण्याआधी एक गोष्ट तपासा. बशीएवढी पांढरी चकती काठीला बांधून टाकीत सोडा. किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते? दोन-तीन सेंटिमीटरवर गेली असेल तर तुमच्या टाकीला दिव्याची गरज नाही, काढणीची गरज आहे. इतक्या दाट पाण्यात उजेड वरच्या बोटभर थरातच संपतो, खालचं सगळं शैवाल अंधारात बसून साठवलेलं खात राहतं. अशा टाकीला ढवळणं हाच प्रकाश. उलट नवी, पातळ टाकी मे महिन्याच्या उन्हात उघडी ठेवली तर पाणी पिवळट पडतं, जास्त उजेडाने यंत्रणा जळते. तिला पहिले काही दिवस ५० टक्क्यांची जाळी लावा.

सगळ्या शैवालांना एकच नियम लावू नका, हे कोकणात ओहोटीला खडकांवर उतरलं की लगेच पटतं. मालवणला किंवा रत्नागिरीला एकाच खडकावर पोपटी उल्वा, तपकिरी सरगॅसम आणि भिंतीच्या सावलीला लालसर जाती दिसतात. तपकिरी शैवालात आणि डायटम या सूक्ष्म शैवालांमध्ये फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य असतं, ते निळा-हिरवा प्रकाश पकडून थेट कामाला लावतं. लाल शैवालातलं फायकोएरिथ्रिन हिरवा पकडतं. पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच विरतो. स्वच्छ खोल समुद्रात निळा सर्वांत खाली जातो, आपल्या गढूळ किनाऱ्याच्या आणि खाड्यांच्या पाण्यात हिरवा. म्हणजे ज्याला आपण ‘वाया जाणारा’ म्हणतो त्या हिरव्यावर तिथल्या जाती दिवस काढतात. बहामाजवळ २६८ मीटर खोलीवर लाल शैवाल जगताना सापडलं, हे १९८५ साली प्रसिद्ध झालं. पृष्ठभागावरच्या उजेडाचा हजारातलाच काय, लाखातलाही जेमतेम अर्धा वाटा तिथे पोचत होता.

वर हिरवं, मध्ये तपकिरी, खाली लाल अशी उतरंड एंगेलमाननेच मांडली होती आणि ती अजून शिकवली जाते. पण ती तितकी सरळ नाही. खोल पाण्यात हिरवी शैवालंही सापडली आहेत. जाड, दाट शैवाल कुठल्याही रंगाचं असलं तरी बहुतेक प्रकाश पकडतंच. पुन्हा तेच, एका पेशीच्या धाग्याचा नियम जाड अंगाला लागू होत नाही. दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथल्या खडकाळ थरांमध्ये २०१० साली ‘हरितद्रव्य एफ’ सापडलं, ते ७०० च्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा प्रकाश वापरतं. वरचे जीव जे सोडतात त्यावर खालचे जगतात.

तुम्ही लिहिलं आहे की दोन गुलाबी पॅनेल आधीच घेऊन झाली आहेत. ती फेकू नका. मायक्रोग्रीन्सच्या रॅकवर लावा, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक साधी पांढरी एलईडी ट्यूब जोडा, आणि ट्यूबचं बटण वेगळं ठेवा. रोज सकाळी ट्रे तपासताना पॅनेल बंद करून फक्त ट्यूबच्या उजेडात पानं बघायची. बुडाशी पांढरी बुरशी आहे का, कोवळ्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा आहे का, हे त्या उजेडात दिसेल. उंचीचा अंदाज घ्यायला एक ट्रे पूर्ण पांढऱ्याखाली ठेवा, त्याच बियाण्याचा, त्याच दिवशी पेरलेला. दहाव्या दिवशी दोन्ही कापून वजन करा आणि मला कळवा.